न संपणारी बेरीज

(सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर कतीफ नावाचे शहर आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त त्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांसमोर एका शिक्षकाने केलेले हे भाषण आहे. खजूर, वडी, पैसे आणि पाणी या रोजच्या गोष्टींमधून गणितातील एक मोठा विचार कसा उलगडत जातो, ते या पाठात सांगितले आहे.)



आज मी तुम्हांला एक बेरीज शिकवणार आहे. "त्यात काय विशेष? बेरीज तर आम्हांला पहिलीपासून येते," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. दोन संख्यांची बेरीज तुम्हांला येते, दहा संख्यांचीही येते. पण आजची बेरीज जरा वेगळी आहे. तिच्यातल्या संख्या कधी संपतच नाहीत. एक लिहावी, तो पुढे दुसरी तयार! वही संपेल, पेन्सिल संपेल, पण संख्या संपणार नाहीत. आणि गंमत अशी, की तरीही या बेरजेचे उत्तर अगदी ठरलेले आहे. ते तुम्ही थोड्याच वेळात स्वतः सांगणार आहात.

आपण राहतो तो कतीफचा परिसर समुद्राकाठी आहे. एका बाजूला आखाताचे निळे पाणी, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मध्ये खजुराच्या हिरव्यागार बागा. जवळच तारूत बेट आहे. शेकडो वर्षे इथल्या लोकांनी मासेमारी केली, समुद्राच्या तळाशी बुड्या मारून मोती काढले आणि खजूर पिकवला. आपण महाराष्ट्रात आंब्याचे जसे कौतुक करतो, तसे इथले लोक खजुराचे करतात. कैरी, पाड आणि आंबा अशी आपण एकाच फळाला निरनिराळी नावे देतो ना? तशीच इथेही आहेत. पिकून मऊ, रसाळ झालेल्या खजुराला 'रुतब' म्हणतात आणि पूर्ण पिकून सुकलेल्याला 'तमर' म्हणतात.

आपली बेरीजही आपण खजुरापासूनच सुरू करू या.

एक मोठा खजूर घ्या. त्यातील बी काढून टाका. आता असा नियम करा, की रोज शिल्लक असेल त्याचा निम्माच भाग खायचा. पहिल्या दिवशी अर्धा खजूर खाल्ला. उरला अर्धा. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्धा, म्हणजे पाव खजूर खाल्ला. उरला पाव. तिसऱ्या दिवशी त्याचा अर्धा, म्हणजे १/८ खाल्ला. चौथ्या दिवशी १/१६, पाचव्या दिवशी १/३२. सांगा पाहू, खजूर कोणत्या दिवशी संपेल?

तुम्ही म्हणाल, "कधीच संपणार नाही. रोज काहीतरी उरणारच." बरोबर! मग आता दुसरा प्रश्न. असे कायम खात राहिलो, तर एकूण किती खजूर खाल्ला जाईल? म्हणजेच,

१/२ + १/४ + १/८ + १/१६ + १/३२ + ...

या बेरजेचे उत्तर काय? शेवटी दिलेल्या तीन टिंबांचा अर्थ असा, की ही रांग याच रीतीने पुढे चालूच राहते.

एकदम सगळ्या संख्यांची बेरीज करता येत नाही. म्हणून आपण पायरीपायरीने जाऊ. पहिल्या दिवसअखेर १/२ खाल्ला. दोन दिवसांत ३/४ झाला. तीन दिवसांत ७/८, चार दिवसांत १५/१६, पाच दिवसांत ३१/३२ आणि सहा दिवसांत ६३/६४. या अपूर्णांकांकडे नीट पाहा. प्रत्येकाचा अंश छेदापेक्षा फक्त एकने कमी आहे. म्हणजे पूर्ण एक व्हायला दर वेळी थोडेसेच कमी पडते. किती कमी पडते? शेवटी जेवढा तुकडा खाल्ला, नेमका तेवढाच! कारण आपण शिल्लक भागाचे दोन सारखे तुकडे करतो. एक खातो, एक ठेवतो.

ही रांग तुमच्या आजी-आजोबांच्या ओळखीची आहे. भारतात १९५७ साली दशमान नाणी आली. त्यापूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. आठ आण्यांना अधेली, चार आण्यांना पावली आणि दोन आण्यांना चवली म्हणत. आता एक अधेली, एक पावली, एक चवली आणि एक आणा एकत्र करा. आठ आणि चार बारा, बारा आणि दोन चौदा, चौदा आणि एक पंधरा. पंधरा आणे झाले. रुपयाला एकच आणा कमी! त्यात अर्धा आणा टाकला, तर कमी किती पडेल? अर्धाच आणा. पाव आणा टाकला, तर पाव आणा. एखादी गोष्ट पूर्णपणे खरी असेल, तर आपण 'सोळा आणे खरी' म्हणतो ना? आपली बेरीज या सोळा आण्यांच्या अधिकाधिक जवळ जात राहते.

अशा रुपयाची ओळख या भागालाही होती बरे का. इथून जवळच असलेल्या बहारीन बेटांवर १९६५ पर्यंत रुपया हेच चलन होते. पुढे त्याची जागा दिनारने घेतली.

आता इथे दोन मुलांचे भांडण लागेल. एक म्हणेल, "बेरीज कधीच १ होत नाही. दर वेळी थोडी कमीच पडते." दुसरी म्हणेल, "अगं, पण सगळा खजूर खाल्ला जातो, तर बेरीज १ च असली पाहिजे." कोणाचे म्हणणे बरोबर?

आपण एक खेळ खेळून निवाडा करू. पहिल्या मुलाने एक लहानात लहान तुकडा सांगायचा आणि म्हणायचे, "तुझी बेरीज १ पासून एवढी तरी दूर राहीलच." समजा, तो म्हणाला, "एक-हजारांश." दुसरी मुलगी दहा दिवस खाईल. दहाव्या दिवशी उरतो १/१०२४. तो एक-हजारांशापेक्षा लहान झाला. मुलगा म्हणेल, "बरे, एक दहा-लाखांश." मुलगी वीस दिवस खाईल. विसाव्या दिवशी उरतो १/१०,४८,५७६. तोही सांगितलेल्या तुकड्यापेक्षा लहान झाला. मुलाने कितीही लहान तुकडा सांगितला, तरी मुलगी आणखी काही दिवस खाऊन त्याच्याही खाली जाते. मुलगा दर वेळी हरतो.

म्हणजे बेरीज १ पासून कोणत्याही ठरावीक अंतरावर अडून बसत नाही. आणि ती १ च्या पुढेही कधी जात नाही, कारण खजूर मुळात एकच आहे. समजा, कोणी म्हणाले, "उत्तर ९९/१०० असेल." सातव्याच दिवशी बेरीज १२७/१२८ होते, ती ९९/१०० च्या पुढे गेलेली असते. म्हणून ९९/१०० हे उत्तर चूक. १ पेक्षा लहान कोणतीही संख्या घ्या, बेरीज तिला केव्हा ना केव्हा मागे टाकतेच. मग उरते फक्त एक संख्या, ती म्हणजे १. म्हणून गणिती म्हणतात, की या न संपणाऱ्या रांगेची बेरीज १ आहे.

मुलाचे एक म्हणणे मात्र बरोबर होते. कोणत्याही एका दिवशी बेरीज १ होत नाही. 'बेरीज १ आहे' याचा अर्थ, ती ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाते आणि जिला ओलांडत नाही, ती संख्या १ आहे. शब्दांचा अर्थ नीट ठरवला, की पुष्कळ भांडणे आपोआप मिटतात.

आता वाटणीचा एक प्रश्न घेऊ. समजा, आईने खजुराची एक चौकोनी वडी केली. ताई, दादा आणि छोटी अशी तीन भावंडे आहेत. वडीचे तीन सारखे भाग करायचे आहेत, पण जवळ मोजपट्टी नाही. अंदाजाने कापली, तर कोणाचा तरी भाग लहान होणार आणि मग रुसवा ठरलेला! मात्र मधोमध कापणे सोपे असते. एकदा उभे आणि एकदा आडवे कापले, की चार सारखे तुकडे होतात.

मग भावंडांनी युक्ती केली. वडीचे चार तुकडे केले. प्रत्येकाने एकेक घेतला. एक उरला. त्या उरलेल्याचे पुन्हा चार तुकडे केले. पुन्हा प्रत्येकाने एकेक घेतला. पुन्हा एक उरला. त्याचेही चार केले. प्रत्येकाला काय मिळाले?

१/४ + १/१६ + १/६४ + १/२५६ + ...

किती झाले हे? अपूर्णांकांची आकडेमोड न करताही सांगता येईल. प्रत्येक फेरीत तिघांना अगदी सारखे मिळाले. उरलेला तुकडा आधी पाव होता, मग १/१६, मग १/६४. पाच फेऱ्यांनंतर तो अवघा १/१०२४ राहिला. म्हणजे जवळजवळ सगळी वडी तिघांत सारखी वाटली गेली आणि शिल्लक भाग हवा तितका लहान करता येतो. मग प्रत्येकाचा वाटा किती? एक-तृतीयांश! म्हणून या न संपणाऱ्या रांगेची बेरीज १/३ आहे.

मुलांनो, नेमकी हीच बेरीज सुमारे पाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशातील एका थोर गणितज्ञाने समजावून सांगितली होती. त्यांचे नाव नीलकंठ सोमयाजी. केरळात तिरूरजवळ त्रिक्कंडियूर नावाचे गाव आहे, तिथले ते. त्यांचा जन्म १४४४ सालचा. आर्यभटांनी ४९९ साली 'आर्यभटीय' हा ग्रंथ लिहिला होता. त्यावर नीलकंठांनी भाष्य लिहिले. त्या भाष्यात त्यांनी १/४, १/१६, १/६४ अशा रांगेची बेरीज १/३ होते, हे दाखवले.

त्यांची रीत पाहा. १/३ मधून १/४ वजा केला, तर १/१२ उरतो. १/१२ मधून १/१६ वजा केला, तर १/४८ उरतो. त्यातून १/६४ वजा केला, तर १/१९२ उरतो. दर वेळी जे उरते, ते आधीच्या शिल्लकेच्या चौथा भाग असते. तुम्ही ही वजाबाकी वहीत करून पाहा.

नीलकंठांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी स्वतःलाच दोन प्रश्न विचारले. ही बेरीज तेवढीच का वाढते? आणि ती तेवढी नक्की वाढतेच, हे कशावरून? पहिला प्रश्न 'पुढे का जात नाही' असा आहे आणि दुसरा 'अलीकडे का थांबत नाही' असा आहे. आपल्या खजुराच्या भांडणात हेच दोन प्रश्न नव्हते का? उत्तर सापडले, तरी 'कशावरून?' असे विचारण्याची सवय खऱ्या अभ्यासकाला असते.

याच रांगेशी आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाचाही संबंध आला होता. ते बावीसशे वर्षांपूर्वी होऊन गेले. बाकदार रेषेने वेढलेल्या एका आकृतीचे क्षेत्रफळ काढताना त्यांनी तिच्यात आधी एक मोठा त्रिकोण बसवला, मग उरलेल्या जागेत लहान त्रिकोण, मग आणखी लहान. प्रत्येक वेळी नव्या त्रिकोणांचे एकूण क्षेत्रफळ आधीच्यांच्या पाव भरत होते. देश वेगळा, काळ वेगळा, पण रांग तीच!

ही रांग तुमच्याही वहीत रोज येते. १ ला ३ ने भागून पाहा. ०.३३३... असे उत्तर येत राहते आणि बाकी नेहमी १ उरते. हे काय आहे? तीच वडीची वाटणी! फक्त इथे दर वेळी वडीचे चार नव्हे, तर दहा तुकडे केले. प्रत्येकाला तीन-तीन मिळाले आणि एक उरला. त्या एकाचे पुन्हा दहा केले. म्हणून ३/१० + ३/१०० + ३/१००० + ... ही बेरीजही १/३ च आहे.

दशांश अपूर्णांकांचा वापर करणारे एक जुने अरबी पुस्तक दमास्कस शहरात ९५२ च्या सुमारास लिहिले गेले. त्याच्या लेखकाचे नाव अल्-उक्लीदिसी. इथल्या दुकानांच्या पाट्यांवर जे अंक दिसतात, त्यांना अरबी भाषेत 'हिंदी अंक' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे का? शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची रीत भारतातून अरब देशांत आली आणि तिथून ती युरोपात गेली. म्हणूनच अरबी लिपी उजवीकडून डावीकडे वाचली जात असली, तरी संख्येतील मोठे स्थान आपल्यासारखेच डावीकडे असते.

आता एक सावधगिरी. न संपणाऱ्या प्रत्येक रांगेला अशी बेरीज असते का? नाही.

महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे ठिकाण आहे. तिथल्या एका जुन्या शिलालेखात भास्कराचार्य या महान गणितज्ञाच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'मध्ये एक मजेदार उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दान दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. दोनाच्या चार, चाराच्या आठ. महिनाभरात, म्हणजे तीस दिवसांत, त्याने एकूण किती दिल्या? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या! दोनशे चौदा कोटींहून अधिक!

बुद्धिबळाच्या पटाची गोष्टही अशीच आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांत दाणे ठेवायचे. अल्-बिरूनी या विद्वानाने या दाण्यांची संख्या काढून ठेवली आहे. ते ९७३ साली जन्मले. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि भारतावर मोठा ग्रंथ लिहिला. दाण्यांची संख्या वीस आकडी आहे : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. फक्त चौसष्ट घरांत एवढे! मग घरे संपलीच नाहीत, तर बेरीज कुठे थांबणार?

म्हणजे एक पथ्य लक्षात ठेवा. प्रत्येक संख्येला त्याच एका संख्येने गुणून पुढची संख्या मिळते, अशा रांगेला भूमितीय श्रेढी म्हणतात. खजुराच्या रांगेत आपण दर वेळी १/२ ने गुणले, वडीच्या रांगेत १/४ ने आणि कवड्यांच्या रांगेत २ ने. गुणणारी ही संख्या १ पेक्षा लहान असेल, तरच न संपणाऱ्या रांगेला बेरीज मिळते.

आणि नुसत्या संख्या लहान होत गेल्या, एवढ्यानेही भागत नाही. १ + १/२ + १/३ + १/४ + १/५ + ... ही रांग पाहा. यातील संख्याही लहान होत जातात. पण १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त होतात. पुढच्या चार संख्या मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. त्यांच्या पुढच्या आठ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. अशी अर्ध्या-अर्ध्याची भर पडतच राहते आणि बेरीज कुठेच थांबत नाही. या रांगेत दर वेळी गुणणारी संख्या एकच नसते, हे ध्यानात आले ना?

शेवटी पाण्याबद्दल बोलू या. कारण ही बेरीज नुसती वहीतली नाही.

सौदी अरेबियात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. कतीफच्या बागा पूर्वी जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांवर वाढल्या. पुढे उपसा वाढला आणि त्यांतले बरेच झरे आटले. कतीफच्या उत्तरेला जुबैल येथे समुद्राचे खारे पाणी गोडे करणारा फार मोठा प्रकल्प आहे. असे पाणी मिळवायला यंत्रे लागतात, इंधन लागते, पैसा लागतो. आणि पाण्याची टंचाई आपल्या गावाकडेही नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

समजा, एका वसाहतीला १००० लिटर पाणी मिळाले. वापरलेले पाणी गोळा करून, शुद्ध करून बागेला किंवा धुण्यापुसण्याला पुन्हा वापरायचे, असे लोकांनी ठरवले. पण दर वेळी निम्मे पाणी वाया जाते आणि निम्मेच परत मिळते. तर पहिल्यांदा १००० लिटर वापरले, मग ५००, मग २५०, मग १२५, असे चालू राहील. त्या १००० लिटरमधून एकूण किती लिटरचे काम होईल?

इथे एक सोपी युक्ती आहे. जेवढे वापरले, त्याच्या निम्मे दर वेळी वाया गेले. म्हणजे एकूण वापराच्या निम्मे वाया गेले. आणि शेवटी वाया जाऊन जाऊन जाणार किती? सगळे मिळून १००० लिटर. त्याहून जास्त नाही, कारण पाणी मुळात तेवढेच होते. मग एकूण वापराचे निम्मे १००० लिटर, तर एकूण वापर २००० लिटर! हजार लिटर पाण्याने दोन हजार लिटरचे काम केले.

आता गळके नळ दुरुस्त केले, नळ्या नीट बसवल्या आणि वाया जाणारा भाग निम्म्यावरून पावावर आणला. आता एकूण वापराचा पाव भाग म्हणजे १००० लिटर. म्हणून एकूण वापर ४००० लिटर. वाया जाणारा भाग एक-दशांशावर आणला, तर १०,००० लिटर! पाणी तेवढेच, पण काम दहापट. अर्थात, खऱ्या जगात काही फेऱ्यांनंतर पाणी इतके थोडे राहते, की ते गोळा करणे परवडत नाही. पण बेरजेचा बहुतेक भाग पहिल्या काही फेऱ्यांतच येतो. निम्मे परत मिळत असेल, तर पाचच वापरांत २००० पैकी १९३७ लिटरहून अधिक काम झालेले असते.

यातून एक नियम तुम्हांला सापडला का? निम्मे वाया गेले, तर दुप्पट काम. पाव वाया गेले, तर चौपट. दहावा भाग वाया गेला, तर दहापट. दर वेळी हरवणारा भाग जितका लहान, तितकी बेरीज मोठी. मोठ्या वर्गांत गेल्यावर तुम्ही हाच नियम अक्षरे वापरून सूत्राच्या रूपात शिकाल. तेव्हा ते सूत्र तुम्हांला परके वाटणार नाही.

मुलांनो, एखादी गोष्ट संपत नाही, एवढ्यावरून ती मोजता येत नाही, असे समजू नका. आधी हे पाहा, की दर फेरीला उरते किती आणि हरवते किती. मग धीर धरून एकेक पायरी चढा. आज घरी गेल्यावर एवढेच करा. एक चौकोनी कागद घ्या. त्याचा अर्धा भाग रंगवा. उरलेल्याचा अर्धा रंगवा. पुन्हा उरलेल्याचा अर्धा. हात थांबेल तोवर रंगवा आणि मग घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "हे असेच चालू ठेवले, तर किती कागद रंगेल?" त्यांनी उत्तर दिले, की पुढचा प्रश्न विचारायला विसरू नका : "कशावरून?"

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिल्लक खजुराचा निम्मा भाग रोज खाल्ला, तर पाच दिवसांत एकूण किती खजूर खाल्ला जाईल?
(आ) अधेली, पावली, चवली आणि आणा मिळून रुपयाला किती कमी पडते?
(इ) नीलकंठ सोमयाजींनी स्वतःला कोणते दोन प्रश्न विचारले?

२. कारणे सांगा.
(अ) १/२ + १/४ + १/८ + ... या बेरजेचे उत्तर ९९/१०० असू शकत नाही.
(आ) दुपटीच्या न संपणाऱ्या रांगेला बेरीज मिळत नाही.

३. चार भावंडांना एक वडी वाटायची आहे. दर वेळी पाच सारखे तुकडे करून प्रत्येकाने एकेक घेतला आणि उरलेल्याचे पुन्हा पाच केले, तर प्रत्येकाला मिळणाऱ्या तुकड्यांची रांग लिहा. तिची बेरीज किती, ते सांगा.

४. वापरलेल्या पाण्यापैकी दर वेळी एक-पंचमांश पाणी वाया जाते. १००० लिटर पाणी पुन्हा पुन्हा वापरल्यास एकूण किती लिटरचे काम होईल?

५. तुमच्या घरात एकदा वापरलेले पाणी पुन्हा कोठे कोठे वापरता येईल, याची यादी करा.